झोपूनही न जाणारा थकवा

रात्रीचे पावणेदहा वाजले होते. ओटा पुसून झाला होता, दुधाला विरजण लावलं होतं, सकाळच्या डब्याची फरसबी चिरून फ्रिजमध्ये ठेवली होती. दिवा मालवायला हात वर गेला आणि मागून धाकटीचा आवाज आला, "आई, उद्या शाळेत चार्ट पेपर न्यायचाय. निळा. बाईंनी सोमवारीच सांगितलं होतं."

मी काही बोलले नाही. फ्रिजला पाठ टेकून फरशीवर बसले. पोर समोर उभी होती. तिचे डोळे भरून येताना मला दिसत होते, ओठ थरथरताना दिसत होते, आणि मला काहीच वाटत नव्हतं. राग नाही, कीव नाही, रडूही नाही. हे मूल माझं आहे हे माहीत होतं, पण जाणवत नव्हतं.

पाचएक मिनिटांनी उठले. खाली स्टेशनरीवाल्याचं शटर अर्धं उतरलं होतं, तरी त्याने कागद काढून दिला. त्या रात्री मला सलग सात तास झोप लागली आणि सकाळी मी तितकीच दमलेली उठले.

थकवा मला नवा नव्हता. डोंबिवलीहून रोज सकाळची लोकल पकडणारी कुठलीही आई थकलेलीच असते. मी हादरले ती त्या पाच मिनिटांमुळे. पुढची दोन वर्षं मी या विषयावर जे हाती लागेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारलं, लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणींना विचारलं. त्यातलं जे पडताळून घेता आलं आणि जे मला उपयोगी पडलं, ते या प्रकरणात मांडते आहे.

आपल्या भाषेत थकव्याच्या शब्दांची वानवा नाही. लग्नघरात राबून माणूस दमतो, प्रवासाने शिणतो, उन्हातान्हात फिरून आल्यावर अंग आंबतं, पायांचे तुकडे पडतात. या सगळ्या शब्दांच्या पोटात एक भरवसा आहे. कढत पाण्याने अंघोळ, आल्याचा चहा, रात्रभर झोप, एवढ्यावर शीण उतरतो. माझा उतरत नव्हता. माझ्या अवस्थेच्या जवळ जाणारा शब्द एकच होता, वीट येणं. पण पोटच्या मुलांच्या बाबतीत हा शब्द आई तोंडातून काढत नाही. त्यामुळे ती तो कुणाला सांगत नाही, आणि न सांगितल्यामुळे असं फक्त आपल्यालाच होतं असं तिला वाटत राहतं.

इंग्रजीतून आलेला 'बर्नआउट' हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कमधल्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या शोधनिबंधात तो वापरला. तो एका मोफत दवाखान्यात काम करत असे. तिथे मोठ्या उत्साहाने आलेले कार्यकर्ते काही काळाने आतून रिकामे होत जातात, चिडचिडे होतात, ज्यांच्यासाठी आले त्यांच्यावरच वैतागतात, हे त्याने पाहिलं. आळशी माणसांना हे होत नव्हतं. जीव ओतून काम करणाऱ्यांनाच होत होतं. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक या संशोधिकेने १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली, ती अशी की कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ चालू राहिला आणि नीट हाताळला गेला नाही, तर येणारी ही अवस्था. सोबत खुलासाही केला की ही संज्ञा नोकरी-व्यवसायापुरतीच आहे, आयुष्याच्या इतर भागांना लावू नये.

त्या खुलाशापाशी मी बराच वेळ थांबले. पाच वाजता सुरू होणारं आणि रात्री अकराला थांबणारं घरचं काम 'इतर भागांत' जमा झालं होतं.

हे काम हिशेबात धरलं ते बेल्जियममधल्या दोन संशोधिकांनी. ल्युव्हाँ विद्यापीठातल्या इझाबेल रॉस्काम आणि मॉइरा मिकोलाइचाक यांनी पालकांच्या बर्नआउटचा स्वतंत्र अभ्यास केला. त्यांनी सांगितलेली लक्षणं चार. पालक म्हणून आलेला टोकाचा थकवा. 'मी अशी नव्हते, पूर्वी मी किती चांगली आई होते' ही टोचणी. आई असण्याचाच वीट. आणि मुलांपासून मनाने दूर जाणं, म्हणजे डबा, अंघोळ, अभ्यास सगळं हातून होतं, पण आतून माया वाहत नाही. चौथं लक्षण वाचलं आणि फरशीवरची माझी पाच मिनिटं मला ओळखू आली. त्यांना नाव आहे हे कळल्यावर पहिल्यांदा रडू आलं, आणि ते रडू बरं वाटलं.

मात्र नाव सापडलं म्हणून लगेच मनाकडे धाव घेऊ नका. आधी रक्ताकडे बघा. माझं हेच चुकलं होतं. सहा महिने मी स्वतःच्या स्वभावाला दोष देत होते. एका डॉक्टरांनी काही न तपासता 'टेन्शन कमी घ्या, सकाळी चालायला जा' असं सांगून मला परत पाठवलं होतं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ८.७ आलं. गरोदर नसलेल्या बाईचं ते किमान १२ असायला हवं.

२०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता, म्हणजे तो वाढला आहे. लोकलच्या लेडीज डब्यात आजूबाजूला बघितलं तर दर दोघींतली एक. ज्या राज्यात निम्म्याहून जास्त बायका रक्ताने कमी आहेत, तिथे थकलेल्या बाईला आधी मनाच्या शांतीचे उपाय सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

लोहाचं गणित समजून घेण्यासारखं आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं आणि तेच फुप्फुसातला प्राणवायू उचलून अंगभर पोचवतं. ते कमी पडलं की स्नायूंना, मेंदूला, हृदयाला कमी प्राणवायूवर काम रेटावं लागतं. जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, केस गळतात, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. शरीर लोहाचा थोडा साठाही बाळगतं, आणि तो फेरिटिन या तपासणीत कळतो. हिमोग्लोबिन उतरण्याआधी हा साठा संपतो. हातखर्चाचे पैसे अजून पर्समध्ये आहेत, पण बँकेतली शिल्लक गेली, तशी ही स्थिती. म्हणून हिमोग्लोबिन बरं असूनही काही जणींना थकवा जाणवतो, आणि तो खरा असतो.

हा साठा जातो कुठे? दर महिन्याच्या पाळीत जातो. अंगावरून जास्त जात असेल, गाठी पडत असतील, सात दिवसांच्या वर पाळी चालत असेल, तर 'माझं पहिल्यापासून असंच आहे' म्हणून सोडून देऊ नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गरोदरपणात आणि बाळंतपणात साठ्यातलं बरंच खर्ची पडतं. उरलेला प्रश्न ताटातला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे आणि बाईला २९. आपल्या घरांत मात्र सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरलेली आमटी आणि शेवटची पोळी ज्या ताटात जाते, ते ताट आईचं. त्यात सोमवार, चतुर्थी, एकादशी. उपासाला माझा विरोध नाही. पण साबुदाण्यात लोह आणि प्रथिनं नावालाच असतात, आणि आठवड्यातून दोन दिवस त्यावर काढणाऱ्या बाईने हे माहीत करून घ्यावं.

जेवणावर लगेच चहा घेणं सोडा. चहातली द्रव्यं अन्नातलं लोह शोषू देत नाहीत, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर असावं. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा, त्यातलं क जीवनसत्त्व शोषण वाढवतं. आजीची लोखंडी कढई माळ्यावर असेल तर खाली काढा, आंबट पदार्थ तिच्यात शिजवले की लोह थोडं उतरतं. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपली रीतही शहाणपणाची आहे, अळिवात लोह चांगलं असतं. पण हिमोग्लोबिन नऊच्या खाली गेल्यावर लाडवांनी भागत नाही, औषध घ्यावंच लागतं. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नये. बद्धकोष्ठ झालं, मळमळलं, तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी. आणि आकडा बाराला पोचला म्हणून लगेच थांबू नये, साठा भरून यायला पुढे आणखी काही महिने लागतात. माझ्या ओळखीतल्या निम्म्या जणी इथेच चुकतात.

लोहाबरोबर आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली ब-१२ जीवनसत्त्व. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा मोठा अभ्यास केला. त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ कमी निघालं. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी बाईला ते दुधादह्यातून मिळतं, आणि दूध मुलांना, दही नवऱ्याला असं वाटप झालं की तिच्या वाट्याला ताक उरतं. हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, जीभ लाल होणं ही त्याची चिन्हं. दुसरी तपासणी थायरॉइडची. वजन वाढतंय, थंडी सोसत नाही, त्वचा कोरडी पडली, सगळं संथ झाल्यासारखं वाटतंय, तर टीएसएच करून घ्या. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडण्याची शक्यता जास्त असते आणि त्या वर्षात सगळं 'बाळामुळे जागरण' या नावाखाली खपून जातं.

आता त्या जागरणाकडे येऊ. २००३ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात ४८ निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. काहींना दोन आठवडे रात्री सहाच तास झोपू दिलं. चौदा दिवसांनंतर त्यांची एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग अख्खी रात्र जागून काढलेल्या माणसासारखा झाला. काळजीचा भाग असा की त्या माणसांना स्वतःला मात्र थोडी झोप येते आहे एवढंच वाटत होतं. आपण किती घसरलो आहोत हे थकलेल्या मेंदूला कळत नाही. 'मला सहा तास पुरतात, सवय झाली आहे' असं मीही दहा वर्षं म्हणत होते.

तान्ह्या बाळाच्या आईची झोप तर तासांतही मोजता येत नाही, ती तुकड्यांची असते. इथे एक साधी गोष्ट फार उपयोगी पडते. रात्रीची पाळी लावायची. एकाने नऊ ते दोन बाळाकडे बघायचं, दुसऱ्याने दोननंतर. अंगावर पाजणारी आईसुद्धा दूध काढून ठेवून, नाहीतर पाजल्यावर बाळ लगेच दुसऱ्याच्या हवाली करून, रात्री चार-पाच तासांचा एक अखंड पट्टा मिळवू शकते. त्या वेळात तिने वेगळ्या खोलीत, दार लावून झोपायचं. बाजूला पडून झोप येत नाही, कारण कान बाळाकडे असतात.

मुलं मोठी झाल्यावर वेगळा प्रश्न येतो. सगळे झोपल्यावर आई मोबाइल घेऊन साडेबारापर्यंत जागी राहते आणि पाचला गजर होतो. तिला सगळे टोकतात, मोबाइल सोड म्हणतात. मी टोकणार नाही. दिवसभरात ज्या तासाला कुणी हाक मारत नाही असा तो एकच तास असतो, आणि तो ती झोपेच्या मोबदल्यात विकत घेते. तिला रात्रीचा तास सोडायला लावायचा असेल, तर उजेडातला एक तास तिला द्यावा लागेल.

तो तास कुणाकडून यायचा? २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. आणि हे आकडे असं काम करणाऱ्यांचेच आहेत. बायकांत अशा ८१ टक्के होत्या, पुरुषांत २६. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा पाहणी झाली तेव्हा बायकांची मिनिटं २८९ झाली होती आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषाने उचलली नव्हती.

या मिनिटांत एक गोष्ट धरलेली नाही, आणि माझ्या मते खरा बर्नआउट तिथूनच येतो. चार्ट पेपरच्या रात्री नवरा म्हणाला, "अगं, मला सांगितलं असतंस तर मी येताना आणला असता ना." तो मनापासून म्हणाला होता, आणि त्याने आणलाही असता. पण सांगण्यासाठी आधी ते लक्षात ठेवावं लागतं. कोणता कागद, कधी हवा, कुठे मिळतो, दुकान किती वाजता बंद होतं, आणला की नाही हे पुन्हा विचारावं लागतं. आणणं हे त्यातलं सगळ्यात छोटं काम. ॲलिसन डेमिंगर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये घर चालवण्यातल्या या डोक्यातल्या कामाचे चार भाग पाडून दाखवले. पुढचं ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर नजर ठेवणं. त्यांनी ज्या जोडप्यांशी बोलून हे तपासलं, त्यांत ओळखणं आणि नजर ठेवणं ही दोन कामं मुख्यतः बायकांकडे निघाली. हीच दोन कामं कधी संपत नाहीत. भांडी घासून संपतात. 'घरात काय संपत आलंय' हे बघणं संपत नाही.

एका रविवारी मी दोनशे पानी वही घेतली आणि आठवडाभर डोक्यात जे जे येईल ते लिहीत गेले. सिलिंडर कधी लावला. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या मंगळवारपर्यंत पुरतील. धाकटीच्या बुटाचा तळ निघालाय. सहलीचे पैसे भरायची शेवटची तारीख. भांडी घासणाऱ्या मावशींची पौर्णिमेची सुट्टी. थोरल्याचा गणिताचा पेपर, तो हल्ली बोलत का नाही. नणंदेच्या घरी बारसं, आहेर. पुढच्या रविवारी मोजल्या तर साठावर नोंदी होत्या. वही नवऱ्यापुढे ठेवली. भांडले नाही, फक्त वाच म्हटलं. त्याने सगळी पानं वाचली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे सगळं तुझ्या डोक्यात एकाच वेळी चालू असतं?"

त्या दिवशी आम्ही कामं वाटली नाहीत, खाती वाटली. शाळा हे खातं पूर्ण त्याच्याकडे गेलं. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात माझ्याऐवजी त्याचा नंबर गेला. फी, सहल, प्रकल्प, पालकसभा, गणवेश, सगळं ओळखण्यापासून नजर ठेवण्यापर्यंत त्याचं. पहिल्याच महिन्यात एका शनिवारी धाकटी पांढऱ्या बुटांऐवजी काळे घालून शाळेत गेली. मला आदल्या रात्रीच आठवलं होतं. तोंडापर्यंत आलेले शब्द मी गिळले, कारण मी आठवण करून दिली असती तर खातं परत माझ्याकडे आलं असतं. तिला बाई रागावल्या, ती बाबांवर चिडली, आणि पुढच्या शुक्रवारी बाबांनी बूट दाराशी काढून ठेवले. तीन महिन्यांनी एका सकाळी लोकलमध्ये बसल्यावर मला जाणवलं की डोक्यात काही वाजत नाहीये.

म्हणून मी प्रत्येकीला हेच सांगते, घरात मदत मागू नका, अख्खं खातं द्या. 'मदत' या शब्दात काम तुमचंच राहतं. आणि दिल्यावर त्यात हात घालू नका. पोळ्या जाड झाल्या, कपड्यांच्या घड्या वाकड्या पडल्या, तरी नाही. बिनचूक आई व्हायचा हट्ट बर्नआउटचा धोका वाढवतो, हे संशोधनातही पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पोळी-भाजी केंद्रातून आठवड्यात तीन दिवस पोळ्या आणायला मला चाळीस वर्षांच्या संस्कारांशी झगडावं लागलं. मुलांनी पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी जेवून उठली. ज्या घरात दुसरं मोठं माणूस नाही, तिथल्या आईने शेजारणीशी खाती वाटून घ्यावीत. आमच्या सोसायटीत दोघी एकट्या आया आहेत. एक दोघींच्या मुलांना सकाळी शाळेत सोडते, दुसरी संध्याकाळी दोघांचा अभ्यास घेते.

जुन्या काळात बाईच्या विसाव्याला आपल्याकडे जागा होती, ती माहेर. पंचमीला, दिवाळीला मूळ यायचं आणि सासुरवाशीण चार दिवस माहेरी जायची. तिथे तिला पाटावर बसवून वाढत, डोक्यावर तेल घालत. तिथे तिला काम कमी असे हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे तिच्यावर कुणाची जबाबदारी नसे. तिथे ती फक्त मुलगी असे. नागपंचमीला चिरू-कापू नये, तवा चढवू नये, अशी रीत अजून कितीतरी घरांत पाळतात आणि पुरणाची दिंडं उकडतात. कारण काहीही सांगोत, त्या दिवशी विळी आणि तवा बंद राहतात. मी त्या काळाचे गोडवे गात नाही. तो विसावा सासरच्या परवानगीने मिळायचा आणि तो नाकारलेल्या बायकांचं दुःख जात्यावरच्या ओव्यांत भरून आहे. पण वर्षाच्या चक्रात बाईच्या विसाव्याची तारीख ठरलेली होती. आता माहेर बीडला आणि सासर पुण्याला, आणि माहेरची आई स्वतः सत्तरीची, गुडघ्यांनी बेजार. न्यू जर्सीतल्या मुलीचं बाळंतपण करायला आई सहा महिन्यांसाठी विमानाने जाते आणि परत निघते, त्या दिवशी ती मुलगी खऱ्या अर्थाने एकटी पडते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२ देशांच्या एका अभ्यासात, जिथे प्रत्येक कुटुंब आपापलं, सुटं जगतं अशा श्रीमंत पाश्चात्त्य देशांत पालकांचा बर्नआउट सर्वांत जास्त आढळला. यावरून एकत्र कुटुंब हाच उपाय असं मी म्हणणार नाही. एकत्र कुटुंबात हात जास्त असतात तशी ताटंही जास्त असतात. ते हात आईचं ओझं उचलतात की वाढवतात, यावर सगळं आहे.

माझ्यासारखीला विसाव्याची जागा रोजच्या प्रवासातच शोधावी लागते. मुंबईत ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली ही पहिली लेडीज स्पेशल सुटली. या गाड्यांत आणि लेडीज डब्यांत बायका भाजी निवडतात, लसूण सोलतात, हे सगळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचं कौतुकही होतं. मला त्याच डब्यात डोळे मिटून बसलेली बाई जास्त महत्त्वाची वाटते. त्या तासाभरात तिला कुणी 'आई' म्हणून हाक मारत नाही. आमच्या ग्रुपमध्ये आता ठरलं आहे की निदान परतीच्या गाडीत कुणी भाजी काढायची नाही.

मी नोकरदार, पगारी रजा असलेली बाई आहे. २०१७ च्या कायद्याने संघटित क्षेत्रातल्या आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. तुमच्या ऑफिसात ते नसेल तर लेखी मागा. पण माझ्या घरी भांडी घासणाऱ्या मावशींना यातलं काही नाही. माझा उजेडातला तास त्यांच्या हातांमुळे मिळतो आणि त्याही आई आहेत. त्यांची आठवड्याची भरपगारी सुट्टी हा माझ्या विश्रांतीच्या हिशेबाचाच भाग आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं तर याहून बिकट. तिने एक दिवस अंग टाकलं तर कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर, खाडा पडतो, पैसे कापले जातात. पाळीचा त्रास आणि खाडा दोन्ही टाळायला बीड जिल्ह्यात बायकांनी गर्भाशयं काढून घेतली. २०१९ मध्ये राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. थकव्याची किंमत बाईने शरीराचा अवयव देऊन चुकवावी, इतकी विश्रांती आपण महाग केली आहे.

शेवटी एक गोष्ट नीट वाचा. बर्नआउटमध्ये घरापासून, मुलांपासून चार दिवस लांब गेलं की बहुधा बरं वाटतं. लांब जाऊनही बरं वाटत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, भूक आणि झोप गेली असेल, आपण नसलो तर बरं होईल असे विचार येत असतील, किंवा बाळाला इजा करण्याचे विचार मनात येत असतील, तर ते नैराश्य असू शकतं. बाळंतपणानंतर ते पुष्कळ बायकांना होतं, आणि औषधोपचाराने बरं होतं. त्यात आईची माया कमी पडण्याचा काही संबंध नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते, मराठीतही बोलता येतं.

आणि उद्याचं काम एकच, रक्ततपासणी. सीबीसी, म्हणजे ज्यात हिमोग्लोबिन कळतं ती तपासणी, आणि टीएसएच यांसाठी उपाशी राहावं लागत नाही. ऑफिसातून येताना स्टेशनजवळच्या लॅबमध्ये रक्त द्यायला पाच मिनिटं लागतात. मुलांच्या लसी तुम्ही एकदाही चुकवल्या नसतील. ही तपासणी तुमच्यासाठी आहे, उद्या करून घ्या.